ईस्टर झाला, सोमवार उजाडला, आता पुढे काय? रोजच्या धावपळीतली कृतज्ञता आणि आपली कॅथलिक श्रद्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही धर्मपंडित वगैरे नाही, रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते आणि बाकीचे सहा दिवस नोकरी, घर, डबे, धुणं. पण दरवर्षी ईस्टर जवळ आला की मुलांचे आईबाप मला बाजूला घेऊन तेच तेच प्रश्न विचारतात, काही हळू आवाजात, काही जरा चिडून. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

ईस्टर म्हणजे एक रविवार ना? मग दुसऱ्या दिवशी कशाचं सेलिब्रेशन?

येशू मरणातून उठला त्याचा हा सण, आणि तो एक रविवार नाही, 50 दिवस. ईस्टर संडेपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. त्यातले पहिले आठ दिवस तर चर्च एकच मोठा दिवस असल्यासारखे साजरे करतं, म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळ्यांचा दर्जा मोठ्या सणाचा. उपवासकाळाचे 40 दिवस आपण बरोबर मोजतो, राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत खरं तर 46 होतात पण मधले सहा रविवार धरत नाहीत, हे सगळं आपल्याला पाठ असतं. काय सोडलं, किती दिवस सोडलं, कधी सुटणार. आणि आनंदाचे 50 दिवस मात्र रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले, भांडी घासून झाली की संपले! मला वाटतं आपल्याला दुःख शिस्तीत करायची सवय आहे, आनंद शिस्तीत करायची नाही. कृतज्ञतेचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

कृतज्ञता म्हणजे नक्की काय? थँक्यू म्हणणं, की पॉझिटिव्ह राहणं?

पॉझिटिव्ह राहणं तर नक्कीच नाही. आजकाल वहीत रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा असं सगळे सांगतात, लिहा की, चांगलंच आहे, पण त्यात एक प्रश्न राहून जातो, आभार मानायचे कोणाचे? आपल्या श्रद्धेत आभार हे कोणाचे तरी असतात, समोर कोणीतरी आहे, ऐकतंय. मिस्सा म्हणजे आपली चर्चमधली उपासना, तिचं दुसरं नाव युखरिस्ट, आणि हा शब्दच ग्रीक भाषेतल्या आभार मानण्याच्या शब्दावरून आलाय, म्हणजे आपण दर रविवारी मिस्सेला जातो ते मुळात आभार मानायलाच. फादर म्हणतात आपण प्रभूचे आभार मानू या आणि आपण उत्तर देतो की हो, ते योग्यच आहे. तोंडपाठ असल्यामुळे आपण काय बोललो तेच कळत नाही. पुढच्या वेळी त्या एका वाक्याला जरा थांबा. आपण "मला छान वाटतंय" असं म्हणत नाही तिथे, आपण म्हणतो की हे योग्य आहे. छान वाटो न वाटो.

लूकच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकच, तोही परका, समरितन. बाकीचे नऊ वाईट होते असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही, त्यांना सांगितलं होतं तसे ते याजकांना दाखवायला गेले, बहुतेक घाईत असतील, घरी कोणीतरी वाट बघत असेल. मी स्वतःला त्या नऊमध्येच धरते. बरं झाल्यावर उलटं वळून चालत येणं, एवढंच तर आहे सगळं.

सगळे आलेलुया म्हणत असतात आणि मला आतून काहीच वाटत नाही. माझी श्रद्धा कमी आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारा माणूस नेहमी इकडेतिकडे बघून विचारतो.

लिझ्यूची संत तेरेज माहितीच असेल, फुलांची संत म्हणून तिचे फोटो घरोघरी. तिचं काय झालं ते बघा. 1896 च्या गुड फ्रायडेच्या आधीच्या रात्री तिला पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली, क्षयाची सुरुवात. आणि त्यानंतर लगेच, ऐन ईस्टरच्या दिवसांत, तिच्या मनात असा अंधार आला की स्वर्ग आहे की नाही इथपर्यंत शंका. आजूबाजूला मठातल्या सगळ्या सिस्टर्स आलेलुया गातायत आणि ही आतून पूर्ण कोरडी. तो अंधार शेवटपर्यंत, म्हणजे 30 सप्टेंबर 1897 ला ती 24 व्या वर्षी गेली तोपर्यंत, काही पूर्ण गेला नाही. आणि याच बाईने शेवटच्या दिवसांत म्हटलं की सगळं काही कृपाच आहे. तिला चर्चने 1925 मध्ये संत केलं. तेव्हा तुम्हाला एखाद्या ईस्टरला काही वाटलं नाही म्हणून श्रद्धा कमी वगैरे मनात आणू नका, तुम्ही जाऊन उभे राहिलात ना, तोंडाने म्हटलंत ना, पुष्कळ झालं.

फक्त एक, हे कोरडेपण महिनोन् महिने असेल, झोप नाही, भूक नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरकडेही जा. दोन्हीत भांडण नाही.

"सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करा" असं पौल म्हणतो. म्हणजे वाईट गोष्टींसाठीही थँक्यू म्हणायचं?

थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे ते, 5:18. नीट वाचा, परिस्थितीत म्हटलंय, परिस्थितीसाठी नाही. नोकरी गेली त्यासाठी आभार माना असं कोणी सांगत नाहीये. नोकरी गेलेली असताना, त्या दिवसातसुद्धा आभार मानण्यासारखं काय शिल्लक आहे ते शोधा. आणि काही दिवस काहीच सापडत नाही, तेव्हा स्तोत्रसंहिता उघडा, तिथे देवाशी चक्क भांडलेत लोक. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी गोड केलेलं नाही. ते पण प्रार्थनेच्या पुस्तकातच आहे, कोणी काढून टाकलेलं नाही.

आणि स्पष्टच सांगते, घरात कोणी मारत असेल, छळत असेल, तर "जे मिळालं त्यात समाधान मान, येशूनेही सोसलं" हे सांगणारा माणूस चुकीचं सांगतोय, मग तो कितीही धार्मिक असो. तिथून बाहेर पडा, मदत मागा.

पण मग ईस्टर आणि माझा रोजचा दिवस यांचा संबंध काय? मी काही चमत्कार बघितलेला नाही.

हे मला फार आवडतं सांगायला, जरा लांबेल.

शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर येशू कुठे कुठे दिसतो ते बघत जा. मंदिरात नाही, राजवाड्यात नाही, त्याला मृत्युदंड देणाऱ्या पिलातासमोर जाऊन "बघ" असंही नाही. मरिया माग्दालेनाला तो बागेत दिसतो आणि तिला वाटतं हा माळी आहे. म्हणजे मरणावर विजय मिळवून आलेला देवाचा पुत्र दिसायला कसा, तर सकाळी सकाळी कामावर आलेल्या माणसासारखा! तिने ओळखलं कधी, तर त्याने नावाने हाक मारली तेव्हा. आणि त्याच्या आधी पेत्र आणि योहान धावत येतात तेव्हा कबरीत काय दिसतं, तर तागाची वस्त्रं पडलेली आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. योहानाने एवढं बारीक का लिहिलं असेल माहीत नाही, पण दर ईस्टरला ते वाचन आलं की मला कपड्यांच्या घड्या घालताना ते आठवतं. जगातली सगळ्यात मोठी घटना घडली आणि मागे काय राहिलं, एक गुंडाळलेलं फडकं.

मग एम्माउसची वाट. दोघं जण हताश होऊन घरी निघालेत, साधारण 11 किलोमीटरची चाल, आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात की आम्हाला आशा होती. होती! त्या "होती" मध्ये किती काय आहे, आपल्या किती गोष्टी अशा होती वर संपलेल्या असतात. तो त्यांच्याबरोबर चालतो, ऐकून घेतो, मग समजावतो, आणि ओळख कधी पटते तर जेवायला बसल्यावर, त्याने भाकर हातात घेतली, आशीर्वाद मागितला, मोडली आणि दिली तेव्हा. मिस्सेत फादर हेच चार हातवारे करतात. ओळख पटली आणि तो दिसेनासा झाला, आणि हे दोघं रात्रीचेच उलटे यरुशलेमला निघाले, परत तेवढीच वाट.

आणि योहानाचा 21 वा अध्याय, माझा सगळ्यात लाडका. शिष्य परत मासे पकडायला गेलेत, म्हणजे जुनी नोकरी, रात्रभर काही मिळालं नाही. सकाळी किनाऱ्यावर तो उभा आहे आणि त्याने काय केलंय तर कोळशाचा विस्तव पेटवून मासे भाजायला ठेवलेत आणि भाकर. "या, न्याहारी करा" म्हणतो. जाळ्यात 153 मासे आलेत हे मोजून लिहिलंय, कोणीतरी बसून मोजलेच असणार. आणि तो कोळशाचा विस्तव, मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो, इथे आणि पेत्राने येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं त्या अंगणात. ज्या विस्तवाजवळ पेत्र पडला होता तसाच विस्तव पेटवून त्याला तीनदा विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. मागचं काही उकरून काढलं नाही, लेक्चर नाही, आधी खाऊ घातलं.

बाग, रस्ता, न्याहारी, कामाची जागा. आपला सोमवार यातच जातो की.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीला गेलंच पाहिजे का? फार लांब असतो.

लांब असतो, खरंय. जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असतात, कमी केली तरी तीन ठेवावी लागतात आणि तांबड्या समुद्राचं वाचन गाळता येत नाही. शनिवारी अंधार पडल्यावरची ही मिस्सा रविवारची म्हणूनच धरली जाते, त्यामुळे सक्ती म्हणाल तर शनिवारची रात्र किंवा रविवार, एक पुरे. पण एकदा तरी जा. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर त्या वर्षाचे आकडे कोरतात आणि धूपाचे पाच दाणे खोचतात, ते पाच दाणे म्हणजे पाच जखमा. लक्षात घ्या, विजयाची मेणबत्ती आणि तिच्यावर जखमा ठेवलेल्या आहेत, झाकलेल्या नाहीत. मग काळोखात त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात आणि पास्काचं स्तुतिगान होतं, त्यात त्या मेणबत्तीसाठी चक्क मधमाश्यांच्या कामाचा उल्लेख येतो. विश्वाच्या उद्धाराबद्दल गाताना मध्येच मधमाश्या! कृतज्ञता अशी बारीक असावी. मागच्या खेपेला मी हे ऐकण्यात इतकी रंगले की माझ्या मेणबत्तीचं मेण पुढच्या बाकावरच्या बाईंच्या शालीवर टपटप, त्यांना कळलंही नाही आणि मला कबूल करायला मिस्सा संपेपर्यंत धीर झाला नाही. त्या हसल्या म्हणून वाचले.

रोज करता येईल असं काहीतरी सोपं सांगा. मोठ्या प्रार्थनेला वेळ नसतो.

संत इग्नेशियसची रोजची उजळणी. 1521 मध्ये तोफेच्या गोळ्याने पाय मोडून अंथरुणावर पडलेला हा सैनिक, तिथे पडल्या पडल्या स्वतःच्या मनात काय येतं जातं ते बघायला शिकला आणि त्यातून पुढे हे सगळं आलं. यात पाच पायऱ्या आहेत आणि पहिलीच पायरी आभाराची आहे, चुका मोजण्याची नंतर. आपण उलटं करतो, दिवसाचा हिशोब म्हटलं की पहिल्यांदा काय चुकलं.

मी कशी करते ते सांगते, पुस्तकी नाही. रात्री ओटा पुसून झाला की दिवा बंद करायच्या आधी तिथेच उभी राहते, सकाळपासून दिवस मागे फिरवते. आज कोणी काय दिलं? मोघम नाही, "फॅमिलीसाठी थँक्यू, हेल्थसाठी थँक्यू" असं नाही, ते म्हणजे न वाचता सही करण्यासारखं आहे. नेमकं. आज ऑफिसमध्ये माझी चूक सहकाऱ्याने न बोलता दुरुस्त केली. मुलीने न सांगता पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. मग, मी कुठे आवाज चढवला, कोणाचं बोलणं अर्ध्यात तोडलं, त्याची माफी. मग उद्याचं एखादं अवघड काम देवाच्या हाती. पाच मिनिटं. कधी दोन. कधी ओटा पुसायचाच राहतो.

अजून एक, दुपारी जी देवदूताची प्रार्थना म्हणतात तिच्याऐवजी ईस्टरच्या 50 दिवसांत "स्वर्गाच्या राणी, आनंद कर" ही प्रार्थना म्हणतात, उभं राहून. एक मिनिटही लागत नाही. मोबाईलवर बाराचा अलार्म लावा.

प्रार्थना करताना झोप लागते. पाप आहे का?

नाही. थकलेले आहात. तेरेजलाही लागायची, आणि तिचं म्हणणं की आईबापांना लेकरं झोपलेली असली तरी तेवढीच प्रिय असतात. झोपा.

या वर्षी घरातलं माणूस गेलंय. ईस्टरला आनंद कसा करायचा?

आनंद करा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

माझे वडील उपवासकाळातच गेले. अंत्यविधीला शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती लावतात, तीच जी बाप्तिस्म्याला लावतात. त्या दिवशी ती पार खाली आलेली होती, वर्षभर जळून. तीन आठवड्यांनी ईस्टरला नवी मेणबत्ती आली, उंच, कोरी, आणि मला तिचा राग आला, अगदी खरं सांगते, राग आला. मी आलेलुया म्हटलं नाही. शेजारच्या बाई म्हणत होत्या, मी त्यांच्या आवाजात उभी राहिले.

मग काही दिवसांनी कपाट आवरताना त्यांच्या चष्म्याचं घर सापडलं, आत चष्मा पुसायचं फडकं, आणि त्यावर त्यांनी पेनाने स्वतःचं नाव लिहिलेलं, हरवू नये म्हणून. मी तिथेच खाली बसून रडले आणि रडता रडता पहिल्यांदा तोंडातून थँक्यू निघालं. ते गेले म्हणून नाही, होते म्हणून. दुःख गेलं का तर नाही गेलं. शंका घेणाऱ्या थोमाला येशूने जखमाच दाखवल्या ना, पुनरुत्थित शरीरावर त्या तशाच होत्या, भरून गुळगुळीत झालेल्या नव्हत्या. मला तेव्हापासून तो उतारा वेगळा ऐकू येतो. आणि मरिया माग्दालेनाही आधी रडली आहे, येशूने तिला का रडतेस विचारलं, रडू नको म्हटलेलं नाही. वेळ घ्या. मृतांसाठी मिस्सा सांगा, त्यांचं नाव तिथे मोठ्याने उच्चारलं जातं तेही खूप असतं.

नवरा किंवा बायको चर्चला येत नाही, मुलं कंटाळतात. घरात हे सगळं कसं आणायचं?

ओढून आणू नका. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द सांगायचे, जरा विचारू का, आभारी आहे, आणि माफ कर. यात देवाचं नावसुद्धा नाही, न मानणाऱ्या माणसालाही चालतं. तुम्ही बायकोला चहाबद्दल मनापासून थँक्यू म्हणालात तर तिला त्यात प्रवचन दिसणार नाही, पण घरात काहीतरी हलतं. तेच पोप 20 एप्रिल 2025 ला ईस्टरच्या दिवशी एवढे आजारी असताना बाल्कनीत येऊन आशीर्वाद देऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ईस्टर मंडेला, गेले.

मुलांचं म्हणाल तर त्यांना "देवाचे आभार मान" सांगण्यापेक्षा विचारा, आज तुला कोणी मदत केली? माझ्या वर्गातल्या एकाने सांगितलं की बाथरूमची कडी अडकली होती ती शिपाईकाकांनी उघडली. झाली की प्रार्थना! काय जोडायचं त्याला.

कितीतरी वर्षं कन्फेशन केलेलं नाही. आता जायला लाज वाटते.

ईस्टरच्या संध्याकाळीच येशूने बंद दाराआडच्या शिष्यांवर फुंकर घालून पापक्षमेचा अधिकार दिला, म्हणजे हा संस्कार ईस्टरचीच भेट आहे, उपवासकाळात उरकायचं काम नव्हे. नियम म्हणाल तर गंभीर पापांचं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन आणि ईस्टरच्या काळात एकदा तरी कम्युनियन. फादरना सरळ सांगा की फार वर्षांनी आलोय, कसं करतात विसरलोय. ते हात धरून नेतात. यादी आठवत नसेल तर जे टोचतंय तिथून सुरू करा.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून. 325 च्या निकेया परिषदेपासून सगळ्यांनी एकाच रविवारी करायचं ठरलं. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली धरतात, त्यामुळे कॅलेंडरवरच्या पौर्णिमेशी कधी कधी जुळत नाही. 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत कधीही येतो. सुट्टी आधीच टाकून ठेवा.

जागरणविधीची ती छोटी मेणबत्ती घरी येते. तिचं काय करायचं?

फेकू नका, एवढंच. कोणी वेदीजवळ ठेवतं, कोणी वाढदिवसाला लावतं. आमची स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये असते, रबरबँड आणि बॅटरी सेलच्या मध्ये, खालचा कागदी कप अर्धा जळलेला. मागच्या महिन्यात लाईट गेले तेव्हा मुलीने शोधाशोध करून तीच काढली, तिच्या उजेडात आम्ही जेवलो आणि जेवणाआधीची प्रार्थना त्या दिवशी कोणी आठवण न करता झाली. आता बोटभर उरली आहे.